आरोग्यसेवेची नाडीपरीक्षा

एखाद्या देशात गेल्या वर्षी क्षयाचे किती रुग्ण सापडले, किती बालकांना लस टोचली, किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, हे तिथल्या आरोग्यखात्याला विचारा; आकडे तयार असतात. पण त्याच खात्यातल्या नर्स वर्षभरात सरासरी किती दिवस आजारी होत्या? नोकरीसाठी आलेल्या अर्जांपैकी कोणत्या नावांच्या उमेदवारांची निवड झाली आणि कोणाची नाही? शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरलेल्या वायूंनी वातावरणात किती भर घातली? हे प्रश्न विचारले तर बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस आपल्याकडे पाहतच राहील.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठरावीक काळाने छापली जातात. ही सवय लागायला तिला साठ-सत्तर वर्षे लागली. ती कशी लागली, आणि आकडे छापल्याने नेमके काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. कारण गोष्ट एका देशाच्या दवाखान्यांची असली, तरी प्रश्न मोजमापाचा आहे आणि तो विज्ञानशिक्षकांच्या परिचयाचा आहे.

५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली. त्या दिवशी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन मँचेस्टरजवळच्या डेव्हिहुल्म येथील पार्क रुग्णालयात गेले होते. उपचार सर्वांना, गरजेप्रमाणे, आणि दाराशी पैसे न मागता, अशी ती कल्पना होती. त्या वेळच्या साऱ्या चर्चेत रुग्ण केंद्रस्थानी होता, आणि ते योग्यच होते. डॉक्टरांच्या मोबदल्यावरून बरीच भांडणे झाली. पण वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मनावर काय ताण येतो, हा सरकारी कागदावर येण्यासारखा विषय आहे असे फारसे कोणाला वाटत नव्हते. खाटा, औषधे, क्ष-किरण यंत्रे जशी साधनसामग्री, तशीच माणसेही.

या विषयाकडे पहिली बारकाईची नजर टाकली ती इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक बाईंनी. लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक संस्थेकडे एक साधी अडचण नेली होती. शिकाऊ नर्सना कोणत्या वॉर्डात किती दिवस ठेवायचे याचे वेळापत्रक काही केल्या जमत नव्हते. तिथे सुमारे ७०० नर्स होत्या. त्यांतल्या पूर्ण प्रशिक्षित जेमतेम १५०, बाकी सगळ्या शिकाऊ. म्हणजे वॉर्ड चालत होते ते विद्यार्थिनींच्या जिवावर. आणि या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, बहुतेक जणी आपण होऊन.

मेन्झिसबाईंनी वेळापत्रक बाजूला ठेवले आणि वॉर्डातली रोजची वागणूक पाहायला सुरुवात केली. त्यांना दिसले ते असे. एका नर्सला एक रुग्ण पूर्णपणे सोपवला जात नसे. एकीने तीस जणांचे ताप मोजायचे, दुसरीने तीस जणांची अंथरुणे नीट करायची, तिसरीने भांडी उचलायची. रुग्णाचा उल्लेख नावाने होण्याऐवजी 'दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत' असा होई. कामाचा क्रम इतका घट्ट ठरलेला, की झोपेची गोळी द्यायची वेळ झाली म्हणून गाढ झोपलेल्या रुग्णाला उठवून ती दिली जाई! एखादी मुलगी एका वॉर्डात रुळते न रुळते तोच तिची दुसरीकडे बदली होई.

वरवर पाहता हा निव्वळ कारभाराचा ढिसाळपणा किंवा लष्करी शिस्त वाटेल. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मेन्झिसबाईंनी वेगळेच म्हटले. मृत्यू, वेदना, उघडी शरीरे, चिडलेले नातेवाईक, या सगळ्यांना रोज सामोरे जाताना मनात भीती दाटते. ती भीती जाणवू नये म्हणून संस्थेने नकळत ही पद्धत उभी केली आहे. माणसाशी नाते जडूच द्यायचे नाही, म्हणजे तो गेल्यावर दुःखही नाही. पण या बचावाने भीती कमी होत नाही. ती फक्त दडपली जाते. शिवाय ज्यासाठी मुलगी या धंद्यात आली, ते रुग्णाची नीट सेवा करण्याचे समाधानही तिला मिळत नाही. मग ज्या मुली खरोखर संवेदनशील आणि हुशार, त्याच आधी सोडून जातात.

एका वेळापत्रकाच्या अडचणीतून निघालेला हा निबंध पुढे जगभर संस्थांच्या अभ्यासकांनी वाचला. आपल्या शाळांतही प्रत्येक गोष्टीला नमुना, प्रत्येक नमुन्याला तीन प्रती, ही पद्धत का वाढते, याचा विचार करताना तो आठवावा असा आहे.

मेन्झिसबाईंनी पाहिले ते मोजता येण्यासारखे नव्हते. कामाचे तास मात्र सहज मोजता येतात, आणि तरीही ते बराच काळ कोणी मनावर घेतले नाहीत. १९८८ मध्ये लंडनमध्ये नेमणूक झालेल्या एका तरुण डॉक्टरच्या करारपत्रात आठवड्याला ४० तास नेहमीचे काम, आणि त्याखेरीज सरासरी ४८ तासांपर्यंत 'बोलावल्यास हजर' राहण्याची अट होती. बेरीज ८८ तास. आठवड्याचे तास असतात १६८. त्यातून ८८ वजा केले तर झोप, जेवण, प्रवास, आंघोळ या सगळ्यांना मिळून रोज साडेअकरा तासांहूनही कमी उरतात, आणि तेही सलग नाहीत. या अटीने माझी तब्येत ढासळली, असा दावा त्याने लावला. हा दावा चालवण्यासारखा आहे, असे अपील न्यायालयाने ठरवले. पुढे तो आपसात मिटला, पण वाऱ्याची दिशा बदलली होती. १९९१ च्या करारात कामाच्या पद्धतीनुसार आठवड्याला ५६ ते ७२ तासांच्या मर्यादा घातल्या गेल्या. युरोपीय नियमानुसार शिकाऊ डॉक्टरांसाठी ४८ तासांची सरासरी मर्यादा लागू व्हायला मात्र ऑगस्ट २००९ उजाडला.

त्याच २००९ सालच्या नोव्हेंबरात स्टीव्ह बूरमन यांचा अहवाल आला. कर्मचाऱ्यांची दर वर्षीची मतपाहणी २००३ पासून सुरू झालेली होती. पण मस्टरवरच्या आजारपणाच्या रजांचा अर्थ लावून, त्याला पैशाचे रूप देऊन सरकारपुढे ठेवण्याचे काम या अहवालाने केले. आरोग्यसेवेतला माणूस वर्षाकाठी सरासरी १०.७ दिवस आजारपणाच्या रजेवर असे. एकूण सरकारी नोकरीतली सरासरी होती ९.७ दिवस, आणि खाजगी नोकरीतली ६.४. रजांचा एकूण खर्च वर्षाला १७० कोटी पौंड. रजा एक तृतीयांशाने कमी झाल्या, तर वर्षाला ३४ लाख दिवस काम जास्त होईल, असा बूरमन यांचा हिशेब होता.

हे आकडे वर्गात द्यायचे असतील तर त्यांच्यावर एक प्रश्नही जरूर लावावा. १०.७ आणि ६.४ यांची तुलना कितपत योग्य? जुलाब होत असताना कचेरीतला कारकून टेबलाशी बसू शकतो. नर्सने त्या अवस्थेत वॉर्डात जाणे म्हणजे गुन्हाच. रुग्णाला उचलून कूस बदलायला लावणाऱ्याची पाठ आणि खुर्चीवर बसणाऱ्याची पाठ सारखी नसते. म्हणजे फरकाचा काही भाग कामाच्या जातीतून येणार. तो वजा केल्यावर उरतो तो खरा प्रश्न. अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाहणीत भाग घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितले, की आमच्या तब्येतीचा परिणाम रुग्णाच्या सेवेवर होतो. आणि जिथे कर्मचाऱ्यांची प्रकृती व मनःस्थिती बरी, तिथे रुग्णांना रुग्णालयात जडणारा जंतुसंसर्गही कमी, असा संबंध आकड्यांत दिसला. आता संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपण मुलांना शिकवतोच. चांगला कारभार हे दोन्हींमागचे तिसरे कारण असू शकेल. पण कर्मचाऱ्यांचे आरोग्य ही रुग्णसेवेबाहेरची चैन आहे, हे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ही सेवा चालवणारी माणसे होती तरी कोण?

सेवा सुरू होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २२ जून १९४८ रोजी, 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसे घेऊन टिलबरी बंदराला लागले होते. पुढच्या वर्षांत जमेका, बार्बाडोस, त्रिनिदाद येथून हजारो तरुणी नर्सिंगसाठी आल्या. डॉक्टर आले ते मुख्यतः भारत, पाकिस्तान, श्रीलंका येथून. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजसारख्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम मुळात ब्रिटिश धाटणीचाच. त्यामुळे भारतीय पदवी १९७५ पर्यंत तिथे थेट चालत असे. त्यानंतर मान्यता गेली आणि परीक्षा आली. आपल्याकडे अनेक घरांत 'काका विलायतेत डॉक्टर आहेत' हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाई. पण काका नेमके कशाचे डॉक्टर आहेत, हे विचारले तर उत्तर बहुधा वृद्धांच्या वॉर्डातले, मनोरुग्णालयातले, किंवा एखाद्या कोळसाखाणीच्या गावातले, असे येई. हृदयशस्त्रक्रिया आणि लंडनची नामांकित रुग्णालये इथल्या जागा स्थानिकांसाठी जणू राखीव असत. बाहेरून आलेल्यांना जी दारे उघडी होती, त्यांतून ते आत गेले. आणि वृद्धांचे वैद्यक ही शाखा तर त्यांच्याच खांद्यावर उभी राहिली. कॅरिबियन नर्सनाही बऱ्याचदा वरच्या दर्जाच्या प्रशिक्षणाऐवजी दुय्यम दर्जाच्या अभ्यासक्रमात घातले जाई, आणि ती पदवी घेऊन मायदेशी परतले तर तिथे तिला किंमत नसे.

हे सगळ्यांना माहीत होते. पण 'माहीत असणे' आणि 'सिद्ध होणे' यांत अंतर असते. ते अंतर एका संगणकाने भरून काढले, आणि तेही अनपेक्षित रीतीने.

लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात दर वर्षी १५० जागांसाठी सुमारे २,५०० अर्ज येत. पहिल्या छाननीतच तीन चतुर्थांश गळत. हे कंटाळवाणे काम करणारे प्राध्यापक जेफ्री फ्रँग्लेन यांना वाटले, की तपासनीसांचे निर्णय एकमेकांशी जुळत नाहीत. संगणकाकडे काम दिले तर सर्वांना एकच न्याय मिळेल. १९७९ पासून त्यांनी आज्ञावली लिहायला घेतली. जुन्या अर्जांवर माणसांनी दिलेले निर्णय समोर ठेवून, संगणकाचे निर्णय त्यांच्याशी जुळेपर्यंत ते ती सुधारत गेले. ९० ते ९५ टक्के जुळणी साधली. १९८२ पासून पहिली छाननी संपूर्णपणे संगणक करू लागला.

गोम कुठे आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. संगणकाला जुन्या निर्णयांची नक्कल करायला शिकवले होते, आणि जुन्या निर्णयांत पूर्वग्रह होते. तेही त्याने इमानेइतबारे उचलले. अर्जात वंशाचा रकाना नव्हता. म्हणून आडनाव आणि जन्मस्थान यांवरून अंदाज बांधला जाई. युरोपीय न वाटणाऱ्या नावासाठी १५ गुणांपर्यंत फटका, स्त्री असण्यासाठी सरासरी ३ गुणांचा. माणसांच्या मनात अस्पष्ट असलेली गोष्ट आज्ञावलीत चक्क अंकांत लिहिली गेली होती.

त्याच महाविद्यालयातले दोन अध्यापक, जो कॉलियर आणि ॲग्रे बर्क, लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कोणत्या नावांचे विद्यार्थी किती आहेत याचा अभ्यास करत होते. त्यांना आज्ञावलीतला हा प्रकार समजला, आणि १९८६ च्या डिसेंबरात त्यांनी तो वांशिक समता आयोगाकडे नेला. आयोगाचा अहवाल १९८८ मध्ये आला. वर्षाला सुमारे ६० जणांची मुलाखत निव्वळ वंश किंवा लिंग यांमुळे हुकली असावी, असा निष्कर्ष निघाला. संगणकाची 'बुद्धी' आणि तिच्यातले पूर्वग्रह यांविषयी अलीकडे जी चर्चा चालते, तिच्यात हे उदाहरण आवर्जून दिले जाते. तेव्हा ना प्रचंड माहितीसाठे होते, ना आजच्यासारखी यंत्रे.

आणखी एक विचित्र गोष्ट. लंडनच्या बहुतेक महाविद्यालयांपेक्षा सेंट जॉर्जेसमध्ये अल्पसंख्य समाजांतले विद्यार्थी जास्त होते! म्हणजे इतर ठिकाणी बहुधा याहून वाईट चालले होते. पण तिथले निर्णय माणसांच्या डोक्यात होते, आणि डोके उघडून दाखवता येत नाही. पकडला गेला तो हिशेब लिहून ठेवणारा.

१९९३ मध्ये अनीस इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या डॉक्टरांनी डोके उघडण्याचीही युक्ती काढली. एकसारखी पात्रता असलेले बनावट अर्ज तयार केले, निम्म्यांवर इंग्रजी नावे घातली, निम्म्यांवर आशियाई, आणि जाहिरात आलेल्या जागांसाठी जोडीजोडीने पाठवले. इंग्रजी नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता दुप्पट निघाली. बाकी सर्व घटक सारखे ठेवून एकच बदलायचा, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांनी टपालपेटीला लावला होता. बक्षीस काय मिळाले? खोटे अर्ज केल्याबद्दल पोलिसांनी त्यांना अटक केली. खटला पुढे उभा राहिला नाही, आणि निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

इतके होऊनही दर वर्षी सर्व रुग्णालयांनी आकडे द्यावेत ही सक्ती व्हायला २०१५ साल उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी रॉजर क्लाइन यांनी लंडनपुरता एक हिशेब मांडला होता: तिथल्या आरोग्यसेवेत अल्पसंख्य वंशांचे कर्मचारी ४१ टक्के, पण संचालक मंडळांवर ८ टक्के. २०१५ पासून इंग्लंडातील प्रत्येक रुग्णालय-संस्थेला नऊ ठरावीक निर्देशांक द्यावे लागतात. त्यांतले दोन इथे पाहू. दोन्ही गुणोत्तरे आहेत, आणि आठवी-नववीच्या मुलांना सहज समजतील.

समजा, एका रुग्णालयात १,००० गोरे कर्मचारी आहेत आणि वर्षात त्यांच्यापैकी २० जणांची खातेनिहाय चौकशी झाली. इतर वंशांचे ५०० आहेत. त्यांच्यापैकी १५ जणांची झाली. नुसते २० आणि १५ पाहिले तर गोऱ्यांवरच जास्त कारवाई झालेली दिसते. पण प्रमाण काढले तर पहिल्यांत २ टक्के आणि दुसऱ्यांत ३ टक्के, गुणोत्तर १.५. पूर्ण समानता असेल तर उत्तर १ यायला हवे. दुसरे गुणोत्तर भरतीचे: मुलाखतीच्या यादीत आलेल्यांपैकी प्रत्यक्ष नेमणूक होण्याची गोऱ्यांची शक्यता इतरांच्या किती पट?

चौकशीचे गुणोत्तर २०१६ मध्ये १.५६ होते. पुढे ते २०१८ मध्ये १.२४, २०२० मध्ये १.१६ आणि २०२३ मध्ये १.०३ झाले. भरतीचे गुणोत्तर २०१६ मध्ये १.५७ होते. २०१९ मध्ये ते १.४६ पर्यंत उतरले, २०२० मध्ये पुन्हा १.६१ झाले, आणि २०२३ मध्ये १.५९. म्हणजे एकाच अहवालातल्या दोन आकड्यांपैकी एक उतरत उतरत जवळपास १ वर आला, आणि दुसरा सात वर्षे चालून जिथून निघाला तिथेच उभा.

असे का व्हावे? चौकशीच्या बाबतीत एक दुःखद घटना कारणीभूत होती. लंडनच्या एका रुग्णालयातून काढून टाकलेल्या एका परिचारकाने २०१६ मध्ये स्वतःचे जीवन संपवले. स्वतंत्र चौकशीत दिसले, की त्याच्यावरची कारवाई अन्यायाची होती. २०१९ मध्ये सर्व रुग्णालयांना सूचना गेल्या: कारवाई सुरू करण्याआधी थांबा, हे प्रकरण बोलून मिटण्यासारखे आहे का, ही चूक त्या माणसाची की कामाच्या पद्धतीची, हे त्या वॉर्डाबाहेरच्या कोणीतरी तपासा. काही रुग्णालयांनी आकडे छापले जाऊ लागल्यापासूनच ही आधीची पायरी सुरू केली होती. म्हणजे इथे एक फाटक होते, त्यावर एक पहारेकरी बसवता आला. भरतीचे तसे नाही. माझ्या मते तिथे हजारो मुलाखत-मंडळे, हजारो लहान लहान पसंत्या. 'आमच्यात मिसळून जाईल' हे कारण कोणत्या नमुन्यात धरायचे? आरशाने चेहरा दाखवला, पण डाग कुठल्या साबणाने जातो हे आरसा सांगत नाही.

१.०३ या आकड्यालाही भुलू नये. ती देशाची सरासरी आहे. काही ठिकाणी गुणोत्तर १ च्या खाली, तर बऱ्याच रुग्णालयांत सव्वापटीहून जास्त. दोन्ही मिसळले की सरासरी गोंडस दिसते. एका पायाखाली बर्फ आणि दुसऱ्याखाली निखारा ठेवलेल्या माणसाचे सरासरी तापमान ठीकच असते.

आणि हे नुसते कागदावरचे प्रकरण नव्हते. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा ब्रिटनमध्ये मरण पावल्याचे जाहीर झालेले पहिले दहा डॉक्टर सर्वच्या सर्व अल्पसंख्य वंशांचे होते. त्यामागे वय, जुने आजार, राहणीमान अशी अनेक कारणे असू शकतात. पण संरक्षक पोशाख पुरेसा मिळाला नाही तर तक्रार करण्याचे बळ कोणाला असते, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. साथीचा भार रजांच्या आकड्यांतही उमटला: आजारपणामुळे बुडालेल्या कामाचे प्रमाण २०१९ मध्ये ४.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये ५.६ टक्क्यांवर गेले. त्यांत चिंता, ताण व नैराश्य यांमुळे बुडालेले दिवसच सुमारे ६० लाख होते. मेन्झिसबाईंच्या शिकाऊ नर्सांच्या भीतीला साठ वर्षांनी का होईना, कोष्टकात रकाना मिळाला.

तिसरा प्रश्न पर्यावरणाचा. तो सर्वांत उशिरा आला, आणि त्याची भौतिकी-रसायन बाजू रंजक आहे. २००८ मध्ये आरोग्यसेवेत यासाठी एक स्वतंत्र विभाग सुरू झाला. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सेवेने जाहीर केले, की स्वतःच्या थेट ताब्यातले कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत, आणि खरेदी केलेल्या मालासकटचे २०४५ पर्यंत निव्वळ शून्यावर आणू. २०२२ च्या कायद्याने ही जबाबदारी कायदेशीर झाली. हिशेब काढला तेव्हा दिसले, की खरेदी केलेली औषधे, उपकरणे, वस्तू यांचाच वाटा सुमारे ६२ टक्के आहे. भुलीच्या वायूंचा वाटा २ टक्के.

दोनच टक्के? पण त्यातला एक वायू पाहा. डेसफ्लुरेन हे भुलीचे द्रव्य बाटलीतून येते. बाटली २४० मिलिलिटरची, घनता सुमारे १.४६, म्हणजे वजन साधारण ३५० ग्रॅम. वातावरण तापवण्याची त्याची शक्ती त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट. गुणाकार करा: एका बाटलीमागे जवळजवळ ८७५ किलो कार्बन डायऑक्साइड. कोळसा जळला की ढोबळमानाने त्याच्या दुप्पट वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हातात मावणारी ही बाटली सव्वाचारशे-साडेचारशे किलो कोशाच्या बरोबरीची. रुग्ण हे द्रव्य जवळपास जसेच्या तसे उच्छ्वासावाटे परत देतो, आणि ते छतावरच्या नळीतून बाहेर सोडले जाते. त्याच्याऐवजी वापरता येणाऱ्या सेवोफ्लुरेनची शक्ती सुमारे १३० पट. रुग्णाच्या दृष्टीने बहुतेक शस्त्रक्रियांत फरक नाही. भूलतज्ज्ञांनी स्वतःच हा बदल सुरू केला. २०२३ मध्ये स्कॉटलंडने आणि २०२४ च्या सुरुवातीला इंग्लंडने अपवाद वगळता डेसफ्लुरेन बंद केले.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट याहून मजेची आहे. तो रुग्णालयाच्या भिंतींतून जाणाऱ्या नळांनी खोल्याखोल्यांत पुरवला जाई. किती सिलिंडर विकत घेतले याची नोंद एका खात्यात, रुग्णांना किती दिला याची दुसऱ्या खात्यात. एडिंबरोच्या परिसरातल्या रुग्णालयांत कोणीतरी या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसले की बहुतांश वायू रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता. जुन्या नळांतून तो गळून जात होता. उपाय स्वस्त निघाला: मोठे नळ बंद करायचे आणि यंत्राला लहान सिलिंडर जोडायचा.

आता ६२ टक्क्यांच्या ढिगातले एक लहान उदाहरण. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात २०१८ मध्ये नर्सनी एक मोहीम काढली. रक्त किंवा शरीरातले द्रव यांच्याशी संबंध नसेल, तिथे प्लास्टिकचे हातमोजे घालायचे नाहीत, हात धुवायचे. बाळाला दूध पाजायला, खाट सरकवायला, तोंडी औषध द्यायला हातमोजा कशासाठी? उलट हातमोजा चढवला की हात धुण्याचा विसर पडतो आणि जंतू इकडून तिकडे जातात. पहिल्या वर्षात तिथे २१ टन प्लास्टिक वाचले आणि सुमारे ९० हजार पौंड खर्च कमी झाला. दिवसभर हातमोज्यांतल्या घामाने नर्सच्या हातांची सालपटे निघत, पुरळ उठे. ती तक्रारही कमी झाली. लहान मुलांना कातडीचा स्पर्श मिळू लागला, हे मात्र कोणत्याही रकान्यात नोंदवलेले नाही.